सिस्टरचे हात : परिचारिका आणि हातांची स्वच्छता

आजारी माणसाला भेटायला जाण्याची आपल्याकडे रीतच आहे. कुंडलचे कोणी सांगलीला किंवा मिरजेला दवाखान्यात दाखल झाले, की दुसऱ्या दिवशी गावातून चार माणसे निघतात. कोणी एस. टी. ने जाते, तर कोणी किर्लोस्करवाडी स्टेशनावरून गाडी धरते. या स्टेशनाचे मूळ नाव कुंडल रोड. पिशवीत भाकरीचा डबा आणि दोन शहाळी असतात. वॉर्डात पोहोचल्यावर आपण काय विचारतो? डॉक्टर कोण आहेत, सलाईन किती झाल्या, खर्च किती सांगितला, सिस्टर बोलायला कशा आहेत. या पेशंटची जखम पुसून पलीकडच्या पेशंटकडे जाताना त्याच सिस्टरने मध्ये हात धुतले का, याकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. आपला माणूस घरी कधी येणार हे पुष्कळदा त्यावरच ठरते. क्वचित, तो येणार की नाही हेही.

विषय साधा वाटतो. हात धुणे बालवाडीत शिकवतात, त्यावर स्मरणिकेत लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या समाजातील पुष्कळ मुली आज ए. एन. एम. आणि जी. एन. एम. चे शिक्षण घेत आहेत, काही मुलेही ब्रदर म्हणून काम करीत आहेत. ज्यांच्या घरात परिचारिका नाही, त्यांच्यावरही पेशंटचे नातेवाईक होण्याची वेळ येतेच. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेतलेला बरा.

रुग्णालयात माणूस एका आजाराने दाखल होतो आणि कधी कधी तिथे गेल्यावर दुसराच आजार त्याला जडतो. ऑपरेशनची जखम चिघळते, लघवीच्या नळीतून जंतू आत जातात, सलाईनची सुई लावलेली शीर सुजते, कृत्रिम श्वासावर ठेवलेल्याला न्यूमोनिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे श्रीमंत देशांत दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, आणि आपल्यासारख्या मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा एखादा तरी संसर्ग होतो. सर्वांत जास्त हाल नवजात बालकांचे होतात. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागातील नवजात बालके पाहिली गेली, तेव्हा १४.३ टक्के बालकांना रक्तातील जंतुसंसर्ग झाल्याचे आढळले. त्या जंतूंपैकी पुष्कळ जंतू नेहमीच्या औषधांना दाद न देणारे होते.

हे जंतू पेशंटपर्यंत पोहोचतात कसे? हवेतून काही येतात, उपकरणांवरून काही येतात. पण सर्वांत मोठा रस्ता हातांचा आहे. आपल्या कातडीवर दोन प्रकारचे जंतू असतात. काही मुक्कामी असतात. ते कातडीच्या आतल्या थरात राहतात, सहसा त्रास देत नाहीत आणि धुऊन पूर्ण जातही नाहीत. दुसरे वाटसरू. जखमेला, चादरीला, लघवीच्या पिशवीला, कॉटच्या दांडीला हात लागला की ते हातावर येतात आणि पुढच्या माणसाला हात लागला की उतरतात. धोका या वाटसरूंचा आहे, आणि साबणाने किंवा स्पिरिटच्या द्रावणाने निघून जाणारेही हेच. हात डोळ्यांना स्वच्छ दिसतो, म्हणून तो स्वच्छ असतोच असे नाही. नाडी पाहताना किंवा अंग पुसताना हाताला घाण लागलेली दिसत नाही, तरी वाटसरू चढलेले असतात. सगळी फसगत इथे होते.

ही गोष्ट प्रथम ज्याने आकड्यांनिशी दाखवून दिली, त्या डॉक्टरची हकीकत विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीचा तरुण डॉक्टर १८४६ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाच्या विभागात काम करू लागला. तिथे बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. १८४६ साली पहिल्या वॉर्डात दर १०० बाळंतिणींपैकी ११ हून अधिक बाळंतज्वराने दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाही. गावातल्या गरीब बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या वॉर्डात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत. वाटेत रस्त्यावर बाळंत झालेली बाई त्या वॉर्डातल्या बाईपेक्षा सुखरूप राहते, हेही सेमेलवाइसला दिसत होते.

दोन्ही वॉर्डांत हवा तीच, अन्न तेच. गर्दी तर सुईणींच्या वॉर्डात जास्त. मग फरक कशाचा? १८४७ च्या मार्च महिन्यात त्याचा मित्र प्राध्यापक कोलेट्श्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातील सुरी बोटाला लागून वारला. त्याच्या प्रेताची तपासणी झाली, तेव्हा बाळंतज्वराने मेलेल्या बायकांत जी लक्षणे सापडत तीच त्याच्यातही सापडली. सेमेलवाइसला कोडे उलगडले. विद्यार्थी सकाळी प्रेते फाडत आणि तेच हात घेऊन बाळंतिणी तपासायला येत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. विद्यार्थी हात धुतच नसत असे नव्हे. साबणाने धूत, पण हाताला प्रेताचा वास तसाच राही. वास राहतो म्हणजे काहीतरी राहते, असा त्याचा साधा तर्क होता. मे महिन्यापासून त्याने प्रत्येकाला क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात घासायला लावले. एप्रिलमध्ये १०० मागे १८ बायका मरत होत्या. जूनमध्ये तो आकडा दोनच्या आसपास आला आणि जुलैत आणखी खाली गेला.

एवढे सिद्ध करूनही वरिष्ठांनी त्याला मानले नाही. जंतूंचे शास्त्र अजून उभे राहिले नव्हते. पाश्चर आणि लिस्टर यांचे काम नंतरचे. शिवाय मोठमोठ्या डॉक्टरांना आपलेच हात मृत्यू वाहून नेतात हे ऐकून घेणे जड गेले. सेमेलवाइसची व्हिएन्नातील नोकरी गेली. १८६५ साली वयाच्या ४७ व्या वर्षी वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला, तोही जखमेतून झालेल्या जंतुसंसर्गाने. त्या काळी सुईणींचे हात प्राध्यापकांच्या हातांपेक्षा निर्धोक ठरले, ही गोष्ट परिचारिका होणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहिलेल्या परिचर्येवरील पुस्तकात परिचारिकेने दिवसभरात वारंवार हात धुवावेत असे सांगून ठेवले आहे. आपल्याकडे आधुनिक परिचर्या आणण्यात मिशन रुग्णालयांचा वाटा मोठा. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. पुढे १९६२ मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज मिरज-सांगली आणि कऱ्हाड हा पट्टा दवाखान्यांचा पट्टा म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे ज्ञान आपल्या दारात येऊन शतक उलटून गेले आहे. प्रश्न आचरणाचा उरतो.

परिचारिकेने हात केव्हा स्वच्छ करावेत याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत पाच प्रसंग सांगून दिले आहे. ते पाठ करण्यापेक्षा डोळ्यांसमोर वॉर्ड आणून समजून घ्यावेत. सिस्टर पेशंटच्या कॉटजवळ आली. त्याला हात लावण्याआधी, हा पहिला प्रसंग. आता तिला त्याची सलाईन लावायची आहे किंवा जखमेचे ड्रेसिंग करायचे आहे. त्या निर्जंतुक कामाआधी, हा दुसरा. काम करताना रक्त, लघवी, पू यांचा संबंध आला. त्यानंतर लगेच, हा तिसरा. पेशंटला सोडून निघाली, हा चौथा. आणि पेशंटला हात लावलाच नाही, नुसती त्याची चादर नीट केली, सलाईनचा स्टँड सरकवला, बेडशेजारचे कपाट उघडले, तरी निघताना, हा पाचवा. हा शेवटचा प्रसंग सर्वांत जास्त विसरला जातो. पेशंटच्या भोवतालच्या वस्तूंवर त्याचेच जंतू असतात, हे चटकन पटत नाही.

धुण्याची पद्धत बहुतेकांना पाहून माहीत असते. तळवे एकमेकांवर, मग हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, वळवलेल्या बोटांची पाठ, अंगठा मुठीत धरून फिरवणे, बोटांची टोके तळव्यावर घासणे आणि शेवटी मनगट. साबण-पाण्याने सगळे मिळून ४० ते ६० सेकंद आणि स्पिरिटच्या द्रावणाने २० ते ३० सेकंद लागतात. घाईत अंगठा आणि बोटांची टोके राहून जातात, आणि पेशंटला पहिला स्पर्श त्यांचाच होतो. हातावर घाण दिसत असेल तर द्रावण चालत नाही, साबण-पाणीच हवे. जुलाबाच्या काही रोगांचे बीजाणू स्पिरिटने मरत नाहीत, तिथेही पाणीच.

आता ज्ञान आणि आचरण यांतील अंतर. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना अभ्यासक्रमात या विषयावर प्रकल्प करावे लागतात. प्रश्नावली दिली की उत्तरे छान येतात. हात धुण्याने संसर्ग टळतो हे कोणती सिस्टर नाकारील? “तुम्ही नेहमी हात धुता का?” या प्रश्नालाही बहुतेक जणी “होय” म्हणतात आणि त्या खोटे बोलत नसतात, त्यांना तसेच वाटत असते. म्हणून खरी मोजणी प्रश्नावलीने होत नाही. कोणीतरी वॉर्डात उभे राहून हात स्वच्छ करायला हवेत असे प्रसंग किती आले आणि त्यांपैकी किती वेळा ते केले गेले, हे टिपावे लागते. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे कळले की आकडा वाढतो, तो भाग वेगळा. मार्गदर्शिकेत जगभरच्या अशा पाहण्यांची सरासरी दिली आहे ती ३८.७ टक्के. म्हणजे दहा वेळांपैकी सहा वेळा हात धुतले जात नाहीत. हे सर्व प्रकारच्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे मिळून आहे. जिनिव्हाच्या रुग्णालयात १९९४ मध्ये पाहणी झाली, तेव्हा परिचारिकांचे प्रमाण ५२ टक्के आणि डॉक्टरांचे ३० टक्के निघाले. तेव्हा सगळा दोष सिस्टरच्या पदरात टाकण्याआधी राऊंडला आलेल्या मोठ्या साहेबांच्या हातांकडेही पाहावे. शिकाऊ मुलगी पुस्तकापेक्षा वरिष्ठांचेच अनुकरण करते.

या पाहण्यांतून आणखी एक गोष्ट वारंवार पुढे येते, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेशंटला हात लावल्यानंतर हात धुण्याचे प्रमाण चांगले असते. हात लावण्याआधी धुण्याचे कमी असते. नंतर धुणे स्वतःच्या रक्षणासाठी असते, आधी धुणे पेशंटच्या रक्षणासाठी. माणूस आधी स्वतःला जपतो, त्यात नवल नाही. पण आपल्या देशात या गोष्टीला आणखी एक पदर आहे आणि तो आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. शिवल्यानंतर आंघोळ करणे, पाणी शिंपडणे, भांडे विस्तवातून काढणे ही रीत या समाजाने शतकानुशतके पाळली. तिचा संबंध समोरच्याच्या जातीशी होता, घाणीशी नव्हता. महाडच्या चवदार तळ्यात जनावरे पाणी पीत होती, माणसांना मात्र बंदी होती. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. विटाळ म्हणजे दुसऱ्यापासून मला धोका आहे ही समजूत. हातांची स्वच्छता म्हणजे माझ्यापासून दुसऱ्याला धोका पोहोचू नये ही खबरदारी. दोन्हींत पाणी तेच वापरले जाते, पण दिशा उलट आहे. पेशंट कोण, कुठल्या वस्तीचा, हे पाहून कमीजास्त धुतलेले हात विटाळातच मोडतात. ते शास्त्राच्या हिशेबात धरता येत नाहीत.

आजाऱ्याला शिवणे टाळू नये, हा धडा आपल्या परंपरेत जुना आहे. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळणाऱ्या भिक्खूची कथा येते. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी पाणी आणवले, स्वतः त्याच्यावर ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत आणि मलमूत्र, ओकारी काढण्याची किळस न येणे हा त्यांतील एक आहे. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. प्लेग पिसवांनी पसरतो, हात धुऊन तो टळला नसता. पण स्पर्शाला न भिणे म्हणजे काय ते यातून कळते. परिचारिकेला ही निर्भयता आणि सेमेलवाइसची काटेकोर सवय दोन्ही लागतात.

मग माहिती असूनही हात का धुतले जात नाहीत? थोडा हिशेब करू. समजा, एका वॉर्डात ३० पेशंट आहेत आणि पाळीला एकच सिस्टर आहे. प्रत्येक पेशंटमागे आठ तासांत चारच प्रसंग धरले, तरी १२० वेळा हात धुवायचे झाले. बेसिन वॉर्डाच्या टोकाला असेल तर जाणे-येणे आणि धुणे मिळून दोन मिनिटे लागतात. एकूण २४० मिनिटे, म्हणजे चार तास. निम्मी पाळी बेसिनपाशी गेली, तर इंजेक्शने कोणी द्यायची, केसपेपर कोणी लिहायचे? इंडियन नर्सिंग कौन्सिलचे प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. प्रत्यक्ष वॉर्ड ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगायला नको. जिनिव्हातही कामाचा रेटा जिथे जास्त तिथेच हात धुणे कमी, असे दिसले.

त्याखेरीज लहानसहान अडचणी असतात. नळ आहे तर पाणी नाही. साबणाची वडी पाण्यात भिजून लगदा झालेली असते. हात पुसायला एकच टॉवेल सकाळपासून टांगलेला, त्यावर हात पुसले की धुतलेले वाया. वारंवार धुऊन कातडी फाटते आणि फाटलेल्या कातडीत जंतू अधिक टिकतात. अंगठी आणि काचेच्या बांगड्यांखाली पाणी पोहोचत नाही. यावर घरातील मोठ्या बायका रागावतात; नव्या नवरीने रिकाम्या हाताने ड्युटीला जायचे कसे, म्हणतात. अशा घरी सासूबाईंची समजूत घालणे हेसुद्धा संसर्ग नियंत्रणाचेच काम आहे. नखे अर्धा सेंटिमीटरहून लहान हवीत. आणि हातमोजे! ते घातले म्हणजे हात धुवायला नको, हा गैरसमज फार पसरला आहे. एकाच जोडीने चार पेशंट केले तर मोज्यांनी सिस्टरचे रक्षण होते, पेशंटचे नाही. मोजे घालण्याआधी आणि काढल्यानंतर हात स्वच्छ करावेच लागतात.

जिनिव्हाच्या रुग्णालयाने या हिशेबावर तोड काढली. प्राध्यापक दिदिए पिते यांच्या पुढाकाराने स्पिरिटच्या द्रावणाची बाटली पेशंटच्या उशाशी आणि परिचारिकांच्या खिशात आली. भिंतीवर चित्रे लागली, मोजणी होऊन तिचे आकडे प्रत्येक विभागाला कळवले गेले. १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयातील संसर्ग १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आला. सुधारणा परिचारिकांत झाली, डॉक्टर बरेचसे होते तिथेच राहिले. आपला वरचा हिशेब याच रीतीने पुन्हा मांडला, तर १२० प्रसंगांना अर्धा मिनिट याप्रमाणे एक तास लागतो. तीन तास वाचले. द्रावण महाग असते असेही नाही. ८० टक्के इथेनॉल, त्यात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कातडी फाटू नये म्हणून थोडे ग्लिसरीन, अशी जागतिक आरोग्य संघटनेची कृती रुग्णालयाच्या औषध विभागात तयार करता येते. २०२० च्या कोरोना साथीनंतर सॅनिटायझर हा शब्द शेतमजुरालाही माहीत झाला. साथ ओसरल्यावर अनेक ठिकाणी दारातल्या बाटल्या रिकाम्या झाल्या आणि रिकाम्याच राहिल्या. सरकारी रुग्णालयांसाठी २०१५ पासून कायाकल्प योजना आहे, तिच्यात स्वच्छतेबरोबर संसर्ग नियंत्रणाचेही गुण असतात. तपासणीच्या आठवड्यात भरलेली बाटली पुढच्या महिन्यातही भरलेली आहे का, हे पाहणारे कोणी हवे.

खेड्यातील जुन्या दाईंचा अनुभव इथे आठवतो. त्यांच्या प्रशिक्षणात पाच स्वच्छता शिकवीत : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ. निरक्षर बायकांनी त्या बोटांवर मोजून पाठ केल्या. गरोदर मातांना धनुर्वाताची लस, दवाखान्यातील बाळंतपणे आणि या पाच स्वच्छता यांच्या जोरावर २०१५ मध्ये भारत माता व नवजात बालकांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

राहता राहिले आपण, नातेवाईक. आपल्याकडे निम्मी शुश्रूषा घरचीच माणसे करतात. पाणी पाजणे, कूस बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, शेजारच्या कॉटवरच्या एकट्या म्हाताऱ्यालाही हात देणे. माणुसकीची ही कामे त्याच हातांनी होतात. म्हणून सिस्टरचे पाच प्रसंग आपल्यालाही लागू आहेत. सिस्टरला “हात धुतले का?” असे विचारायला संकोच वाटतो, आणि दमलेल्या माणसाला तो प्रश्न टोचतोही, त्यापेक्षा ती कॉटजवळ येताच द्रावणाची बाटली पुढे करावी, म्हणजे न बोलता काम होते. बाळ-बाळंतीण पाहायला जाताना तर विशेष जपावे. बाळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, प्रत्येक जण गालाला हात लावतो, कोणी बोट चाटवतो. अशक्त, कमी वजनाच्या बाळाला ते सोसत नाही. वॉर्डाच्या दारात बाटली असेल तर आत शिरताना आणि बाहेर पडताना वापरावी. नसेल तर नळ कुठे आहे ते मावशींना विचारावे, आणि खिशात साबणाची छोटी वडी ठेवावी. दहा रुपयांत मिळते.